ब्रिटिश म्युझियममधला बायबलचा इस्राएल: ममी नंतर बघा, आधी रूम 10बी गाठा

ब्रिटिश म्युझियमचे रिव्ह्यू वाचले तर सगळीकडे ममी, रोझेटा स्टोन आणि गर्दी एवढंच असतं. म्हणून हा जरा वेगळा रिव्ह्यू, खास त्यांच्यासाठी ज्यांना जुन्या करारातला (बायबलच्या पहिल्या भागातला) इस्राएल, म्हणजे अहाब, येहू, हिज्कीया हे राजे, लाखीश शहर, बाबेलचा (बॅबिलोनचा) बंदिवास हे सगळं खऱ्या वस्तूंमधून बघायचंय. चर्चला जाणारे असाल किंवा नुसती इतिहासाची आवड असेल, दोघांनाही सांगते, लंडनला आलात तर हे चुकवू नका. एंट्री फ्री आहे. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार, आणि का ते लिहिते, लांबेल थोडं.

आधी एक गोष्ट क्लिअर करते म्हणजे कुणाचा हिरमोड नको. अब्राहाम, मोशे, मिसर (इजिप्त) देशातून निघणं यातलं इथे काहीही मिळणार नाही, आणि खरं तर कुठल्याच म्युझियममध्ये मिळत नाही कारण त्याचा थेट पुरावा जमिनीतून निघालेलाच नाहीये. इस्राएल हे नाव सगळ्यात आधी सापडतं ते इजिप्तचा राजा मर्नेप्ताहच्या शिलालेखात, इ.स.पू. 1208 च्या आसपासचा, तो आहे कैरोला. दावीदाच्या घराण्याचा उल्लेख असलेला तेल दानचा दगड 1993 मध्ये सापडला, तो जेरुसलेमला. मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख पॅरिसला लूव्रमध्ये आणि हिज्कीयाच्या पाण्याच्या बोगद्यातला लेख इस्तंबूलला. मग लंडनकडे काय आहे? लंडनकडे शत्रूचं दप्तर आहे. अश्शूर (असीरिया) आणि बाबेलच्या राजांनी स्वतःच्या बढाईसाठी जे कोरून, लिहून ठेवलं ते. आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण बायबल ज्या गोष्टी गाळतं त्या या दगडांवर आहेत आणि हे राजे ज्या गोष्टी गाळतात त्या बायबलमध्ये आहेत. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की मगच नेमकं काय झालं असेल याचा अंदाज येतो.

तर सुरुवात तळमजल्यावर रूम 6 पासून करा. तिथे कुर्खचा शिलाखंड आहे, शल्मनेसर तिसरा नावाच्या अश्शूरी राजाचा. इ.स.पू. 853 मध्ये कर्कार इथे मोठी लढाई झाली, आजच्या सीरियात, आणि त्याच्याविरुद्ध एकत्र आलेल्या राजांच्या यादीत इस्राएलचा अहाब आहे, 2,000 रथ आणि 10,000 सैनिक घेऊन. रथांचा आकडा फुगवलेला असावा असं बरेच अभ्यासक म्हणतात, पण तरी अहाब त्या भागातला वजनदार राजा होता हे नक्की. आता बायबल उघडून बघा, या लढाईचा एक शब्द नाही! तिथे अहाब म्हणजे ईजबेलचा नवरा, नाबोथाचा द्राक्षमळा हडपणारा आणि एलीया संदेष्ट्याशी वैर धरणारा. लिहिणाऱ्यांना त्याच्या सैन्याशी घेणंदेणं नव्हतं, त्याच्या पापाशी होतं. हाच तो एलीया, ज्याला आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू लोक एलियाहू हन्नबी म्हणतात, मलिदा करतात, अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण असलेला खडक दाखवतात. त्या एलीयाच्या काळातल्या राजाचं नाव, त्याच काळात कोरलेलं, आपण हातभर अंतरावरून बघतोय हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला.

त्याच भागात काळा ओबेलिस्क (चौकोनी खांब) आहे, जवळपास दोन मीटर उंच, काळ्या दगडाचा. चारही बाजूंना चित्रांच्या पाच ओळी आहेत. वरून दुसरी ओळ बघा. एक माणूस राजासमोर जमिनीला कपाळ टेकून पडलाय, टोकदार टोपी, दाढी, आणि वरचा लेख सांगतो की हा अम्रीचा मुलगा येहू आणि ही त्याची खंडणी, सोनं, चांदी, भांडी. साल इ.स.पू. 841. इस्राएलच्या राजाचं एवढं जुनं दुसरं चित्र आजवर मिळालेलं नाही. (तो येहू स्वतः की त्याचा दूत यावर वाद आहे, लेखात नाव मात्र येहूचंच.) बायबलचा येहू म्हणजे रथ सुसाट हाकणारा, ईजबेलला खिडकीतून खाली टाकायला लावणारा, अम्रीचं, म्हणजे अहाबच्या बापाचं, अख्खं घराणं कापून काढणारा. आणि अश्शूरचा लेखनिक त्यालाच अम्रीचा मुलगा म्हणतो, कारण त्यांच्या लेखी ते राज्यच अम्रीचं. येहूने असं लोटांगण घातल्याचं बायबल कुठेच सांगत नाही. वस्तू लावल्यात त्या साम्राज्यांप्रमाणे, इस्राएलप्रमाणे नाहीत, त्यामुळे काय शोधायचं ते आधी माहीत नसेल तर लोक या ओबेलिस्कच्या बाजूने सरळ रोझेटा स्टोनकडे निघून जातात, वाईट वाटतं बघून.

आता मेन गोष्ट, रूम 10बी. लाखीशच्या शिल्पपट्ट्या. फक्त यासाठी जरी गेलात तरी चालेल. निनवे म्हणजे आजच्या इराकमधलं मोसुल, तिथे अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या महालात एका खोलीच्या सगळ्या भिंतींवर हे कोरलेलं होतं, लेयार्ड नावाच्या इंग्रज उत्खनकाने 1840 च्या दशकात ते खणून काढलं आणि तिथून पट्ट्या लंडनला आल्या. विषय एकच, इ.स.पू. 701 मध्ये यहूदातलं (इस्राएलच्या दक्षिणेचं राज्य, हिज्कीया तिथला राजा) लाखीश हे तटबंदीचं शहर सन्हेरीबने कसं घेतलं. डावीकडून सैन्य येतं, मधे शहर आणि हल्ला, मग उजवीकडे कैदी रांगेने राजाकडे चाललेत. अडीच मीटरच्या आसपास उंच पट्ट्या, तिन्ही बाजूंनी आपण घेरले जातो.

मधल्या भागासमोर नुसतं उभं राहू नका, जवळून वाचल्यासारखं बघा. चढणीवरून चाकांचे गाडे तटाला भिडलेत, आणि प्रत्येक गाड्यात एक माणूस लांब दांड्याच्या पळीने बाहेर पाणी ओततोय, का, तर वरून यहूदी लोक पेटते पलिते फेकतायत आणि गाड्याने पेट घेऊ नये म्हणून. एवढं बारीक! तटावरून दगड, पलिते सगळं खाली येतंय, आणि त्याच वेळी दरवाजातून माणसं बोचकी घेऊन बाहेर पडतायत, म्हणजे लढाई आणि शरणागती एकाच चित्रात. खाली तीन माणसं खांबांना टोचलेली आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर हे आधी माहीत असू द्या.

मी माझ्या नगरच्या आत्याला घेऊन गेले होते. तिने आयुष्यभर संडे स्कूल शिकवलंय, पवित्र शास्त्र पर्समध्येच असतं. तिने तिथेच 2 राजे 18 (बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा अठरावा अध्याय) काढलं आणि हळू आवाजात वाचायला लागली, आणि चौदाव्या वचनाला थांबून म्हणाली, "अगं, हिज्कीयाने लाखीशला निरोप पाठवला एवढंच आहे इथे. लाखीशचं काय झालं ते लिहिलंच नाही की गं." बरोबर होतं तिचं. बायबल यहूदाची तटबंदीची नगरं घेतली असं एका वाक्यात सांगून यरुशलेमकडे वळतं. लाखीशच्या माणसांचं काय झालं ते फक्त या भिंतीवर आहे, आणि ज्याने केलं त्यानेच कोरवून घेतलंय. आत्या मग बैलगाडीच्या पट्टीसमोर बराच वेळ उभी होती. बैलाच्या बरगड्या मोजता येतात इतका तो रोडावलाय, गाडीवर बोचकी आणि त्यावर बायका नि लेकरं, बायकांच्या डोक्यावरून पार पायापर्यंत एक लांब वस्त्र. मागे द्राक्षवेली आणि अंजिराची झाडं, म्हणजे ज्या शिवारातून त्यांना हाकलून नेतायत तेच. शेवटी सन्हेरीब सिंहासनावर बसलाय आणि लाखीशची लूट त्याच्यासमोरून जातेय असा लेख आहे. त्याचा चेहरा मात्र फोडलेला आहे, इ.स.पू. 612 मध्ये निनवे पडलं तेव्हा कुणीतरी मुद्दाम फोडला असणार असं मानतात.

आणि ही नुसती दरबारी फुशारकी नाही. इस्राएलमध्ये तेल लाखीशला उत्खनन झालं, पुरातत्त्वज्ञ डेव्हिड उसिश्किन यांनी 1973 पासून बरीच वर्षं तिथे काम केलं, तर हल्ल्यासाठी रचलेली दगडांची चढण खरोखर सापडली, सोबत बाणांची टोकं आणि गोफणीचे गोल दगड. म्हणजे चित्र, जमीन आणि ग्रंथ तिन्ही जुळतात, आणि प्राचीन इतिहासात असं फार कमी ठिकाणी होतं.

इथून वर रूम 55 ला जा, टेलर प्रिझम बघायला. सहा बाजूंचा भाजलेल्या मातीचा ठोकळा, साधारण 38 सेंटीमीटर उंच, सगळ्या बाजूंना बारीक कीलाक्षरं (खिळ्यांच्या आकाराची जुनी लिपी). यात सन्हेरीब म्हणतो की मी यहूदाची 46 तटबंदीची शहरं घेतली, 2,00,150 माणसं बाहेर काढली आणि हिज्कीयाला यरुशलेममध्ये पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं. कोंडलं म्हणतो, शहर घेतलं असं म्हणत नाही! खंडणीत 30 किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं आणि 800 किक्कार चांदी सांगतो. बायबलमध्येही सोनं 30 किक्कारच, चांदी 300. सोन्याचा आकडा दोन्हीकडे एकच, शत्रूच्या वहीत आणि आपल्या पुस्तकात, मला तर हे वाचून काटा आला होता. मग बायबल सांगतं की परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत अश्शूरांचे 1,85,000 मारले आणि सन्हेरीब परत गेला. प्रिझममध्ये अर्थातच त्यातलं काही नाही. पण महालाच्या भिंतीवर राजधानी यरुशलेम नाही, लाखीश आहे, आणि यरुशलेम हातात आलं असतं तर या राजाने ते कोरायचं सोडलं नसतं. श्रद्धा ज्याची त्याची, पण शहर वाचलं हे दोन्ही बाजूंच्या कागदांवरून पटतं.

बाबेलच्या भागात जरा भरभर चालेल, पण एक मातीची पाटी शोधाच, तळहातावर मावेल एवढी. बाबेलची बखर म्हणा हवं तर. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने आपल्या सातव्या वर्षी, अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी यहूदाचं शहर घेतलं, राजाला पकडलं आणि आपल्या मर्जीतला राजा बसवला असं त्यात कोरडेपणाने नोंदवलंय, म्हणजे मार्च, इ.स.पू. 597. यहोयाखीन गेला, सिद्कीया आला, 2 राजे 24 मध्ये हेच आहे. पुढे इ.स.पू. 586 ला मंदिर जाळलं त्याची बाबेलकडची नोंद मात्र उरलेली नाही, पाटी त्याच्या आधीच संपते. तिथे आपल्याला बायबलमधल्या यिर्मया आणि राजे या पुस्तकांवरच विसंबावं लागतं.

रूम 57 ते 59 प्राचीन लेव्हंटच्या, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या प्रदेशाच्या. इथे लाखीशची पत्रं शोधा, 1935 मध्ये सापडलेली, त्यातली काही लंडनला आहेत. फुटक्या मडक्याच्या खापरावर शाईने हिब्रू मजकूर, बाबेलच्या हल्ल्याच्या आधीच्या शेवटच्या काळातला, एका हाताखालच्या माणसाने याओश नावाच्या वरिष्ठाला पाठवलेला, सुरुवातीला परमेश्वर माझ्या धन्याला खुशालीची बातमी ऐकवो अशा अर्थाचं वाक्य. सगळा दिवस शत्रूचं ऐकल्यावर पहिल्यांदा यहूदातल्या एका साध्या माणसाचं अक्षर दिसतं. माझ्यासाठी लाखीशच्या भिंतीनंतर हेच. पारसचा (इराणचा) राजा कोरेश याचा सिलिंडर रूम 52 मध्ये आहे, तोही बघा, पण त्यात यहूद्यांचं किंवा यरुशलेमचं नाव आहे अशी समजूत करून जाऊ नका, नाव नाहीये, देवांना आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचं धोरण आहे आणि एज्राच्या पुस्तकाशी ते जुळतं इतकंच.

गाइडबद्दल एक सांगते. मी आधी एका खाजगी टूरबरोबर हेच केलं होतं, नाव लिहीत नाही, पण त्यांनी प्रत्येक वस्तूसमोर बायबल खरं ठरलं बघा एवढंच वाक्य म्हणत पळवलं, लाखीशसमोर नीट उभंही राहू दिलं नाही. पैसे वाचवा. मोबाइलवर मराठी बायबल ठेवा, 2 राजे 17 ते 25 आदल्या रात्री वाचा, आणि स्वतःच्या गतीने फिरा.

बाकी प्रॅक्टिकल माहिती. टॉटनहॅम कोर्ट रोड किंवा हॉबर्न स्टेशनवरून चालत जाता येतं. फ्री असलं तरी वेबसाइटवर वेळेचं तिकीट बुक करून जा, दारात बॅग चेक होते. शुक्रवारी संध्याकाळी साडेआठपर्यंत उघडं असतं, तेव्हा जा असं माझं सांगणं. काही रूम अधूनमधून बंद असतात, वस्तूही कधी कधी दुसऱ्या म्युझियमला उसन्या जातात, त्यामुळे निघायच्या आधी 6, 10बी, 55 आणि 57 उघड्या आहेत का ते साइटवर बघा. 10बी बंद असेल आणि तारीख बदलणं शक्य असेल, तर सरळ तारीख बदला.