घरच्या कार चार्जरसाठी तीन कोटेशने आणि अखेरीस निवडलेला ठेकेदार

विद्युत मोटारीबरोबर ७.२ किलोवॉटचा भिंतीवर बसवायचा चार्जर कंपनीकडून मिळाला, तरी मीटरपासून पार्किंगच्या जागेपर्यंत वीज सुरक्षितपणे आणण्याचे काम उरतेच, आणि खरा खर्च त्याच कामात असतो. कोथरूडमधील आमच्या जुन्या सोसायटीत मीटर रूम इमारतीच्या एका टोकाला व माझे पार्किंग दुसऱ्या टोकाला असल्याने भिंतीच्या कडेने केबल नेल्यास अंतर सुमारे ४० मीटर भरते. या कामासाठी तीन ठिकाणांहून कोटेशने मागवली होती. मोटार कंपनीने नेमलेल्या एजन्सीने १८,२०० रुपये सांगितले, जवळच्या एका परवानाधारक विद्युत ठेकेदाराने ४४,८०० रुपये सांगितले, आणि स्वतःचे चार्जर विकणाऱ्या एका फर्मने चार्जरसह ७८,००० रुपयांचा प्रस्ताव दिला. पुढील परीक्षण प्रामुख्याने दुसऱ्या ठेकेदाराच्या कामाचे आहे. परंतु सर्वांत स्वस्त कोटेशन बाजूला का ठेवले, हे सांगितल्याशिवाय ते अपुरे राहील.

तिसऱ्या प्रस्तावाचा निकाल सर्वांत लवकर लागला. त्यात ११ किलोवॉटचा थ्री फेज (तीन फेज तारांवर चालणारा) चार्जर सुचवला होता आणि त्यासाठी थ्री फेज जोडणीही गृहीत धरली होती. एसी चार्जिंगचा, म्हणजे घरातील नेहमीच्या विजेवर होणाऱ्या चार्जिंगचा, वेग मात्र मोटारीच्या आत बसवलेल्या चार्जरवर ठरतो, आणि माझ्या मोटारीतील हा चार्जर ७.२ किलोवॉटपेक्षा अधिक घेऊच शकत नाही. भिंतीवर ११ किलोवॉटचा डबा लावून मोटार एका मिनिटानेही लवकर भरली नसती. शिवाय संपूर्ण रकमेवर १८ टक्के जीएसटी लावला होता. विद्युत वाहनांच्या चार्जरवरील जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे, तेव्हा चार्जर व मजुरी वेगवेगळ्या दाखवाव्यात अशी विनंती केली. त्यावर उत्तर आले नाही.

खरी तुलना उरली ती पहिल्या दोन कोटेशनांची. एजन्सीच्या कोटेशनमध्ये ‘ठरावीक मीटरपर्यंत केबल मोफत, पुढे प्रति मीटर दर’ एवढाच तपशील होता. केबलची जाडी विचारल्यावर ४ चौरस मिलिमीटर असे उत्तर मिळाले. ठेकेदाराने १० चौरस मिलिमीटरची तांब्याची तीन कोअर (आत तीन तारा असलेली) केबल लिहिली होती. ७.२ किलोवॉटचा चार्जर सिंगल फेजवर सुमारे ३२ अँपिअर प्रवाह सलग कित्येक तास ओढतो, आणि इस्त्री किंवा गीझरप्रमाणे काही मिनिटांत तो बंद होत नाही. ४० मीटर अंतरावर जाऊन-येऊन ८० मीटर तार धरली, तर ४ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये सुमारे १२ व्होल्ट, ६ च्या केबलमध्ये सुमारे ८ व्होल्ट आणि १० च्या केबलमध्ये पाच व्होल्टपेक्षा थोडा कमी दाब वाया जातो. हाच हिशेब उष्णतेत मांडला तर पातळ केबलमध्ये पावणेचारशे वॉटच्या आसपास ऊर्जा नुसती भिंतीवरच्या पाइपात तापते, तर जाड केबलमध्ये दीडशे. तार तापली की तिचा रोध आणखी वाढतो, त्यामुळे पुण्यातील एप्रिल-मे महिन्यांत हे आकडे याहून वाईटच असणार. माझ्या मते ६ चौरस मिलिमीटरची केबलही चालली असती. अंतर वीस मीटर असते तर मी तीच घेतली असती.

केबलपेक्षाही मोठा फरक अर्थिंगमध्ये, म्हणजे गळतीची वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीत, होता. एजन्सीच्या कागदावर ‘योग्य अर्थिंग ग्राहकाच्या जबाबदारीवर’ असे बारीक अक्षरात लिहिले होते. आमच्या इमारतीचा मूळ अर्थिंगचा खड्डा मीठ आणि कोळशाचा आहे, आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अशा खड्ड्याचा रोध वाढत जातो. अर्थिंग कमजोर असेल तर बहुतेक चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंग सुरूच करत नाहीत, आणि ग्राहक मोटारीला दोष देत बसतो. ठेकेदाराने पाहणीच्या वेळी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजून दाखवले, ते अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचे सांगितले, आणि पार्किंगच्या बाजूला नवीन केमिकल अर्थिंगचा (मीठ-कोळशाऐवजी तयार रासायनिक मिश्रण भरलेल्या खड्ड्याचा) खर्च स्वतंत्र ओळीत मांडला. मोजमाप आधी आणि आकडा नंतर, हा क्रम पाळणारा तो तिघांपैकी एकटाच होता.

सुरक्षेच्या उपकरणांबाबतही हाच अनुभव आला. एजन्सीच्या कोटेशनमध्ये ‘एमसीबी बॉक्स’ (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास वीज तोडणाऱ्या स्विचचा डबा) एवढेच होते. ठेकेदाराने ४० अँपिअरचा डबल पोल एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) आणि सर्ज संरक्षक (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारे उपकरण) अशी नावे लिहिली होती. घरात सर्रास वापरला जाणारा टाइप एसी आरसीसीबी येथे पुरेसा नाही, कारण मोटारीतील चार्जर एसीचे डीसी (बॅटरीला लागणारी, एकाच दिशेने वाहणारी वीज) करताना डीसी गळतीची शक्यता असते आणि अशा गळतीने साधा आरसीसीबी आंधळा होऊन ऐन वेळी वीज तोडत नाही. माझ्या चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय आतच असल्याने डीसी गळतीही स्वतः ओळखणारा महागडा टाइप बी आरसीसीबी घ्यावा लागला नाही. ठेकेदाराने चार्जरची माहितीपुस्तिका मागून घेऊन हे तपासले, याचे मला विशेष कौतुक वाटते.

एजन्सीला केबल, अर्थिंग व आरसीसीबी ठेकेदाराच्या यादीप्रमाणे धरून नव्याने रक्कम कळवायला सांगितले, तेव्हा ती ३८,००० रुपयांच्या पुढे गेली. पहिल्या नजरेला अडीच पटींची वाटणारी तफावत सहा-सात हजारांवर आली. त्या फरकाच्या बदल्यात टेस्ट रिपोर्ट आणि महावितरणकडील कागदपत्रे ठेकेदार करून देणार होता, म्हणून काम त्याला दिले.

महावितरणकडे दोन मार्ग होते: घराच्याच मीटरवर मंजूर भार वाढवून घेणे किंवा चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घेणे. आमचा घरगुती वापर महिन्याला अडीचशे युनिटच्या आसपास आहे. मोटार महिन्याला हजार किलोमीटर चालली, तर चार्जिंगमधील नुकसान धरून भिंतीवरून साधारण १६० युनिट लागतात. दोन्ही एकाच मीटरवर आले तर एकूण वापर ३०१ ते ५०० युनिटच्या महाग टप्प्यात शिरतो. विद्युत वाहन चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी आहे आणि तिला असे टप्पे नाहीत. स्थिर आकार वेगळा भरावा लागतो, तरी आमच्या वापराला स्वतंत्र मीटर परवडतो. अर्ज, सोसायटीचे ना हरकत पत्र आणि टेस्ट रिपोर्ट जोडून सर्व ठेकेदाराने सादर केले, आणि या भागात मला कोणतीही तक्रार नाही.

प्रत्यक्ष कामाचा दर्जा उत्तम आहे, नीटनेटकेपणा मात्र मध्यम. केबल सर्वत्र पाइपात असून क्लॅम्प सरळ रेषेत आहेत, चार्जर पावसाच्या पाण्यापासून वर राहील अशा उंचीवर बसवला आहे, आणि काम संपल्यावर मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या उपकरणाने) तारांचे इन्सुलेशन तपासून आकडे कागदावर लिहून दिले. परंतु भिंतीला भोक पाडल्यानंतरची धूळ शेजाऱ्यांच्या दोन गाड्यांवर तशीच राहिली, स्विचच्या बॉक्सवर नावाच्या पट्ट्या मागूनही लावल्या नाहीत, आणि कोअर कटिंगचे (यंत्राने काँक्रीटला भोक पाडण्याचे) बाराशे रुपये कोटेशनमध्ये नसताना बिलात आले. पाहणी करतानाच ती भिंत काँक्रीटची असल्याचे दिसत होते, त्यामुळे हा खर्च आधी सांगता आला असता. विचारणा केल्यावर निम्मी रक्कम कमी केली. वार्षिक देखभालीचा करारही पुढे केला होता. वर्षातून एकदा स्क्रू आवळून आरसीसीबीचे बटण दाबून पाहण्यासाठी त्या रकमेची गरज मला पटली नाही.

एक गोष्ट तिघांपैकी कोणीही स्वतःहून सांगितली नाही. शहरातल्या शहरात रोज तीस-चाळीस किलोमीटर फिरणाऱ्यांना ७.२ किलोवॉटची गरजच नसते. चांगले अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर, मोटारीबरोबर येणाऱ्या पोर्टेबल चार्जरने रात्रीच्या दहा तासांत तीस युनिटच्या आसपास वीज भरता येते, आणि तेवढ्यात पावणेदोनशे किलोमीटर सहज निघतात. त्याचा खर्च या कामाच्या निम्म्याहूनही कमी येईल. आम्हाला रात्री उशिरा साताऱ्याहून परतून पहाटे पुन्हा निघावे लागते, म्हणून मोठा चार्जर घेतला.

ठेकेदाराला मी पाचपैकी चार गुण देतो. सोसायटीतील आणखी दोघांनी त्याच्याकडून पाहणी करून घेतली आहे, आणि त्यांना कोटेशन देण्यापूर्वी त्याने इमारतीच्या मुख्य केबलवरील भार मोजण्याची परवानगी समितीकडे लेखी मागितली आहे.