फॉन्ट एक नंबर, लायसनचा ताप आता निम्मा झालाय (साडेतीन स्टार)

अमळनेरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, दशक्रियेच्या पत्रिका, मधूनमधून फ्लेक्स. मराठी टायपिंगचं हे सॉफ्टवेअर सहा वर्षं झाली वापरतोय. कंपनीचं नाव लिहित नाही, लाईनीतल्या लोकांना कळेलच.

फॉन्टला तोड नाही. जोडाक्षर फुटत नाही, जुन्या फाईली उघडतात, युनिकोडमध्ये (मोबाईल-इंटरनेटवर चालतं ते मराठी) बदलून पण देतं, फक्त रफार कधीकधी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो म्हणून प्रूफ वाचाच. रडणं आहे ते लायसनचं.

झालं असं की आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठ दिवस आधी, म्हणजे पत्रिकांचा ऐन सीझन, आपल्याकडचं ऊन तर माहितीये, पारा ४४-४५ ला, त्यात लाईटीची ये-जा, आणि कॉम्प्युटरचा मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) उडाला. शेजारचा चहावाला विचारतो "काय व्हयनं भो?", काय सांगू त्याला. नवा बोर्ड टाकला, हार्डडिस्क जुनीच, तरी सॉफ्टवेअर म्हणे हे मशीन वेगळं, कारण लायसन बोर्डाच्या नंबराला बांधलेलं. हेल्पलाईनवाली ताई गोड बोलली पण नियमच वाचून दाखवला, आधी जुन्या मशीनवरून लायसन सोडा मग नव्यावर चालू करा. अहो ताई, जुनं मशीन चालूच होत नाही तर सोडू कुठून? तर म्हणे मग नवीन घ्यावं लागेल, साडेअकरा हजार! ज्या गावातून १९४५ ला विप्रो निघाली (तेव्हा तेलाचा कारखाना होता, ती गोष्ट वेगळी) त्या गावात बसून एका कोडसाठी हातापाया पडतोय. शेवटी पत्रिका साध्या युनिकोड फॉन्टात करून दिल्या, दोन पार्ट्यांनी तोंड वाकडं केलं ते केलंच.

मग धुळे, चोपडा, जळगावला आमच्या लाईनीतल्यांना फोन लावले तर सगळ्यांचं हेच, एकाने तर हेच सॉफ्टवेअर तीनदा विकत घेतलेलं. सगळ्यांनी बिलाची कॉपी जोडून मेल टाकले. मी माझ्या मेलमध्ये मायक्रोसॉफ्टचं उदाहरण दिलं, त्यांनी पण २०१३ ला असाच नियम काढला होता की दुकानातून घेतलेलं ऑफिस २०१३ ज्या कॉम्प्युटरवर टाकलं त्याच्याबरोबरच मरणार, लोक ओरडले, आणि मार्चमध्ये नियम बदलला, ९० दिवसांतून एकदा दुसऱ्या मशीनवर न्यायची मुभा, मशीनच बिघडलं तर ९० दिवस थांबायची पण गरज नाही. एवढी मोठी कंपनी मागे आली तर तुम्हाला काय झालं, असं सरळच लिहिलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, आणि खरं सांगतो, छापील उत्तर नव्हतं, माझ्या जळलेल्या बोर्डाचा उल्लेख होता त्यात. आता वर्षातून दोनदा मशीन बदल फुकट, आणि मशीन मेलंच असेल तर बिल आणि रिपेअरवाल्याची पावती पाठवायची, ते त्यांच्या बाजूने जुनं लायसन सोडतात. माझं दीड दिवसात झालं. हेच आधी केलं असतं तर सीझन गेला नसता, पण आधी कोण करतं.

राहिलं काय तर नावबदल. भाच्याने पारोळ्यात दुकान टाकलंय, माझं दुसरं लायसन पडून आहे, म्हटलं त्याच्या नावावर करा. तर म्हणे नाही, लायसन ज्याचं त्याचंच. अरे मोटारसायकल विकली तर आरटीओ पण नाव बदलून देतं, आणि त्या ऑफिस २०१३ मध्ये पण पहिला मालक दुसऱ्याला देऊ शकत होता, नव्या माणसाने अटी मान्य केल्या की झालं. यावर दोन मेल केले, दोन्ही वेळा "विचार सुरू आहे". दीड स्टार याचाच कापलाय.

घेणार असाल तर पक्कं बिल जीएसटी नंबरासकट मेलवर मागून ठेवा, कच्च्या बिलावर काहीच ऐकत नाहीत. भाचा सध्या पेनड्राईव्ह खिशात घालून यष्टीने माझ्याकडे येतो टाईप करायला, जाता-येता तिकीट त्याचं, चहा माझा.