संगीत बारी की ढोलकी फड?

लावणी तयार आहे, चाळ बांधून दोन तास उभं राहता येतं आणि पोट याच कलेवर भरायचं ठरलंय. अशा मुलीपुढे तमाशात मुख्यतः दोन वाटा असतात. चौफुला किंवा मोडनिंबसारख्या ठिकाणच्या थिएटरातली संगीत बारी, म्हणजे लावणीचाच कार्यक्रम करणारा छोटा संच, नाहीतर नारायणगावच्या राहुट्यांवर (तंबूतल्या कचेऱ्यांवर) सुपाऱ्या, म्हणजे खेळांची कंत्राटं, घेणारा ढोलकी फड, म्हणजे गावोगाव फिरणारा मोठा तमाशा.

निव्वळ कलेचा विचार केला तर बारी सरस. मालकीण, तीन-चार नाचणाऱ्या, पेटी, तबला, ढोलकी, बस. बैठकीच्या, म्हणजे बसून अदा करत गायच्या, लावणीत एकच ओळ चार तऱ्हांनी सांगावी लागते, त्यात गळा आणि नजर दोन्ही तयार होतात. वयाचंही भय कमी. ज्येष्ठ लावणी गायिका यमुनाबाई वाईकर उतारवयातसुद्धा बसल्या जागी मैफल रंगवत. शिवाय राहायला थिएटरातली खोली आणि पायाखाली रोजची ओळखीची जमीन.

फडात शरीर झिजतं. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत गाव बदलत राहतं, झोप ट्रकमध्ये होते. जत्रेचा खेळ असेल तर सकाळी पुन्हा हजेरीला, म्हणजे सकाळच्या खेळाला, उभं राहायचं. रंगमंच फळ्या जोडून केलेला असतो, सांध्यात टाच अडकते किंवा खिळा वर आलेला असतो. म्हणून खेळाआधी तो एकदा अनवाणी चालून पाहावा. चाळांखाली सुती फडकं घट्ट गुंडाळावं, नाहीतर घामाने ओला पट्टा घोटा सोलतो. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागला तर कात्री पहिली वगाला, म्हणजे तमाशातल्या नाटकाला, लागते. आणि उचल! हंगामाआधी घेतलेली ही आगाऊ रक्कम फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. आकडा लिहून घ्या, दर महिन्याला किती वळती होणार तेही.

एवढं असून माझं मत फडाकडे झुकतं, आणि त्याचं कारण बारीतली दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकाने नोट देऊन फर्माईश करायची प्रथा. अदा ऐन रंगात आलेली असते, तेवढ्यात समोरून नोट वर होते. उठून जायचं, नोट घ्यायची, फर्माईश ऐकायची, परत यायचं. तोवर पेटीवाला मुखडा घोळवत राहतो. सम पुन्हा सापडते, पण कडव्यात उभा केलेला भाव तुटलेला असतो, तो पहिल्यापासून बांधावा लागतो. एका खेळात हे कितीदा होईल याला धरबंध नाही. आणि कमाईचा मोठा भाग त्याच नोटांत असल्याने ‘जाणार नाही’ म्हणायची सोय नसते. काहींना हा समोरासमोरचा संवाद आवडतो, तोही खरा. मला तो कलेच्या मध्ये आल्यासारखा वाटत राहिला.

तिकिटाच्या फडात पगार ठरलेला असतो आणि वग सुरू झाला की गोष्ट सलग चालते. पुढे जायला पायऱ्याही आहेत. रंगबाजीत, म्हणजे वगाआधीच्या नाचगाण्यात, मागच्या रांगेत, मग पुढे, मग वगाची नायिका. विठाबाई नारायणगावकरांनी स्वतःचा फड चालवला, कांताबाई सातारकरांनी वगातल्या पुरुषभूमिका गाजवल्या. मात्र संवाद जमले नाहीत तर तिशीनंतर मागची रांगच वाट्याला येण्याची शक्यता मोठी, तेव्हा पहिल्याच हंगामात वगातलं छोटं काम मागून घ्यावं.

गळा हीच तुमची खरी ताकद असेल तर बारीचा विचार जरूर करा. फक्त दौलतजादेचा हिशेब कोण ठेवतं आणि वाटा रोज मिळतो की महिन्याने, हे मालकिणीला आधी विचारा.