दुहेरी काचेची साउंडप्रूफ खिडकी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसतं कौतुकच झालं असतं. दोन वर्षांनी सलग झोप लागत होती, दुसरं काही सुचत नव्हतं. आता आठ महिने झालेत, तेव्हा जरा शांतपणे सांगते.

आमची झोपायची खोली तिसऱ्या मजल्यावर, चौपदरी रस्त्याला लागून. बरोबर खाली सिग्नल. त्यामुळे आवाज एकसारखा नसतो. गाड्या थांबतात, क्षणभर शांत होतं आणि मग सगळ्या एकदम सुटतात. रात्री दोननंतर अवजड वाहनं सुरू होतात. मी घरून मुद्रितशोधन करते. हळूहळू माझ्या नजरेतून साध्या चुका निसटायला लागल्या. आईवर कारण नसताना ओरडायचे. संध्याकाळ झाली की रात्रीच्या धास्तीनेच छातीत धडधडायचं. तपासण्या सगळ्या नीट आल्या, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही झोपता कुठे?" हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

जुनी सरकती खिडकी काढून ही बिजागरीवर उघडणारी बसवली. बाहेरची काच 6 मिलिमीटरची. आतली काच म्हणजे 4 मिलिमीटरच्या दोन काचा, मध्ये पारदर्शक पडदा घालून चिकटवलेल्या. दोन्हींच्या मध्ये 12 मिलिमीटरची पोकळी. बाहेरची आणि आतली काच वेगवेगळ्या जाडीची घ्यावी, हे आवर्जून सांगते. सारख्या जाडीच्या काचा एकाच पट्टीतल्या आवाजाला थरथरतात आणि तो आवाज दोन्हींमधून आरपार जातो. सरकत्या खिडकीत कितीही भारी काच घातली तरी रुळाच्या फटी राहतातच.

बसवायला आलेले दादा म्हणाले होते, "ताई, आवाज काचेतून कमी आणि फटीतून जास्त येतो." ते त्यांच्याच कामाने खरं ठरलं. चौकट आणि भिंत यांच्यामधली एका कोपऱ्यातली फट भरायची राहिली होती. हॉर्न वाजला की तिथून शिट्टीसारखा आवाज यायचा. तीन आठवडे मागे लागल्यावर माणूस आला आणि वीस मिनिटांत सीलंट भरून गेला. त्यामुळे काम संपलं की लगेच अंधार करून चौकटीभोवती टॉर्च फिरवा. एकाने आत, एकाने बाहेर. जिथून उजेड दिसेल तिथून आवाज येणार.

फोनवरच्या मापकाने रात्री अकराला मोजलं. जुन्या बंद खिडकीत 54 डेसिबल, नव्या बंद खिडकीत 37. फोन काही प्रयोगशाळेचं यंत्र नाही, पण दोन्ही वेळा तोच फोन त्याच उशीवर होता. साधारण 10 डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो, यावरून फरकाची कल्पना येईल. हॉर्न आणि माणसांचा गलका जवळपास गेलाच. ट्रकची घरघर मात्र येते. खालच्या पट्टीतला आवाज अडवायला वजन लागतं, मोठी पोकळी लागते. कुणी "शंभर टक्के शांतता" म्हणून विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते खिडकीचं हँडल. 1970च्या आसपास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अवेळी, कर्कश आवाज ऐकवले होते. काहींना सांगितलं, हे बटण दाबलंत तर आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलंच नाही. तरी नंतरच्या कामांत, त्यात मुद्रितशोधनही होतं, त्यांच्या चुका बटण नसलेल्यांपेक्षा कमी झाल्या. वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या हँडलकडे बघत बसले. दोन वर्षं माझ्याकडे बटण नव्हतं.

पण आईचं ऐका. दुपारी याच खिडकीपाशी ती बसायची. आता म्हणते, "तू झोपतेस हे चांगलंच आहे गं, पण मला कोंडल्यासारखं होतं." तिचं चुकत नाही. बंद खोलीत दोघी झोपलो की सकाळी हवा जड झालेली असते, डोकं धरतं. आवाज शोषणारा वायुवीजन झरोका सोबत बसवतात, तो मी तेव्हा घेतला नाही. तुम्ही घ्या. आणि चिमण्या गेल्या. म्हणजे असतील, मला ऐकू येत नाहीत.

त्यात मागच्या महिन्यात जलवाहिनीच्या कामासाठी रस्ता चार दिवस बंद होता. आम्ही खिडकी सताड उघडी ठेवली. समोरच्या इमारतीत एक बाई कुंड्यांना पाणी घालतात, अकरा वर्षं मी त्यांना बघतेय. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिथून आईला विचारलं, "बऱ्या आहात ना? खिडकीत दिसत नाही हल्ली." दोघी पाऊण तास बोलत होत्या, रस्त्यावरून, साध्या आवाजात. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत रहदारीप्रमाणे तीन रस्ते निवडून तिथल्या रहिवाशांचा अभ्यास केला होता. रोज सुमारे 2,000 गाड्यांच्या रस्त्यावर माणसाला शेजारात सरासरी तीन मित्र होते. 16,000 गाड्यांच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता. पाचव्या दिवशी रस्ता सुरू झाला आणि आईने स्वतः उठून खिडकी लावली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2018मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीच्या रात्रीच्या आवाजाची सरासरी मर्यादा 45 डेसिबल सुचवली. ती घराच्या बाहेरच्या बाजूची आहे, खिडकीच्या आतली नाही. माझ्या 37 आकड्याचा त्या मर्यादेशी काही संबंध नाही. न्यूयॉर्कमध्ये उन्नत रेल्वेमार्गालगतच्या एका शाळेत रुळांकडच्या वर्गांतली मुलं वाचनात मागे पडतात, हे आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी 1975मध्ये दाखवलं. पुढे वर्गांची छतं आवाज शोषणारी केली, पण रुळांखाली रबरही घातलं. मग तो फरक उरला नाही. आमच्या रस्त्यावर रात्रीची वेगमर्यादा आणि अवजड वाहनांना दुसरा मार्ग, एवढ्यासाठी सोसायटीच्या सह्या घेऊन अर्ज दिलाय. समोरच्या बाईंनीही त्यांच्या इमारतीतून एकोणीस सह्या आणून दिल्या.

खिडकीला पाचपैकी चार. एक गुण त्या कोपऱ्यातल्या फटीचा आणि तीन आठवड्यांचा कापला. झोप उडाली असेल आणि जमत असेल तर बसवा, झरोक्यासकट.