बसायच्या उशीवर आठ महिने: कंबरेचा हिशोब

आधीच सांगून टाकतो, माझी कंबर बरी झालेली नाही. पूर्वी ती अकरा वाजायच्या आत धरायची, आता संध्याकाळी पाचच्या सुमारास कुरकुरते. उशीकडून मला मिळालं ते एवढंच, पण दिवसभर खुर्चीत काम करणाऱ्याला तेही थोडं नाही.

पहिली उशी चुकीची घेतली. मधोमध भोक असलेली गोल, कोणीतरी सुचवली म्हणून. माझं दुखणं पट्ट्याच्या रेषेत, आडवं पसरलेलं. त्या भोकाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. उलट कडेचा गोल मांड्यांना रुतायचा आणि पाठ पूर्वीसारखीच पोक काढून बसायची. पंधरा दिवसांत ती कपाटावर गेली.

दुसरी मेमरी फोमची, मागे इंग्रजी यू अक्षरासारखी खाच असलेली. खाचेमुळे माकडहाड अधांतरी राहतं, त्यावर भार येत नाही. पडल्यामुळे वा बाळंतपणानंतर ज्यांचं माकडहाडच दुखतं, त्यांना खाचेचा खरा उपयोग. मला फरक पडला तो उशीच्या उतारामुळे: मागे जाड, पुढे पातळ. सपाट खुर्चीत थोड्या वेळाने आपण ढेपाळतो, कटीर (कंबरेखालचं हाडांचं कडं) मागे कलंडतं आणि कंबरेची आतली कमान सपाट होते. उतारावर बसलं की कटीर पुढे झुकतं आणि कमान आपोआप टिकते. ‘ताठ बस’ असं स्वतःला बजावावं लागत नाही. (ते बजावणं माझ्याकडून कधी तीन मिनिटांपलीकडे टिकलेलं नाही.)

खोक्यावर ‘मणक्यांवरचा दाब कमी करते’ असं छापलेलं होतं. त्याकडे मी फारसं लक्ष देत नाही. स्वीडनचे हाडांचे डॉक्टर आल्फ नाखेमसन यांनी 1960 च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा तो उभं राहण्यापेक्षा बसल्यावर जास्त भरला. पण 1999 साली विल्के आणि सहकाऱ्यांनी एका माणसाच्या चकतीत सेन्सर ठेवून पाहिलं, तर बसल्यावर आणि उभं राहिल्यावर जवळपास सारखाच निघाला, आणि ढिलं रेलून बसल्यावर तर कमी. म्हणजे नुसत्या दाबावर सगळं खापर फोडता येत नाही. तासन्‌तास एकाच आकारात अडकून राहणं, माझ्यापुरतं तरी, जास्त नडतं.

आता उंची. हे कोणी सांगत नाही आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं. माझी उशी सात सेंटीमीटर जाड, बसल्यावर चार-साडेचार उरते. तेवढा मी वर गेलो. टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या, हात टेकायचे दांडे खाली राहिले, आणि खुर्चीच्या पाठीचा फुगवटा कंबरेऐवजी तिच्याही खाली टेकू लागला. पहिल्या आठवड्यात कंबर सोडून खांदे भरून आले. उशीला शिव्या देऊन झाल्यावर खुर्ची तेवढीच खाली घेतली, तेव्हा कुठे जमलं. जी खुर्ची वरखाली होत नाही, तिच्यासमोर पायाखाली जाड पुस्तकांची चळत ठेवतो. दिसतं विचित्र, चालतं उत्तम.

मेमरी फोम 1966 साली नासासाठीच्या कामात चार्ल्स योस्ट यांनी विमानाच्या आसनांकरता तयार केला. उबेने मऊ आणि गारठ्याने कडक होणं हा त्याचा स्वभावच आहे. थंड सकाळी उशी फळीसारखी लागते, दहा मिनिटांत मऊ पडते. उकाड्यात मात्र नको तितकी खचते. वरचा जेलचा थर गार लागतो, पण वीसेक मिनिटंच. नव्या फोमचा वास चार दिवसांत गेला. खोळ चेन उघडून धुता येते. तळाचे रबरी ठिपके पाचव्या महिन्यात झिजले, तेव्हापासून उशी सरकते.

माझं वजन 82 किलो. सहाव्या महिन्यापासून उशी तळाला लागायला लागली. तपासायची सोपी युक्ती: उशीवर बसा, खालून तळहात वर करून हात सरकवा. बैठकीचं हाड बोटांना थेट जाणवलं, तर फोम संपला.

सहाव्या महिन्यातच दहा दिवस उशी मुद्दाम काढून ठेवली, पण दर चाळीस मिनिटांनी उठत राहिलो. दुपार निभावली, संध्याकाळ जड गेली. मग एकदा कामाच्या घाईत दोन दिवस उशी होती, पण उठणं नव्हतं. ते दोन दिवस जास्त वाईट गेले.

गाडीत ही उशी वापरू नका. तिथलं आसन आधीच खोलगट, त्यात उंची वाढते, आरसे आणि पट्टा दोन्ही बिघडतात. सोफ्यावरही काही उपयोग नाही, खालचंच खचतं.

पायात मुंग्या, बधिरपणा, शक्ती कमी वाटणं असेल तर उशी शोधत बसू नका, डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी.

पुढची घेताना जास्त घनतेचा फोम बघणार, उतार हवाच, खाच असली-नसली तरी चालेल. आणि या वेळी मागवण्याआधी खुर्ची किती खाली जाते ते मोजून ठेवलंय.