कलम 125 की कलम 152: फिर्याद द्यावी की प्रांतांकडे अर्ज करावा?

रोजच्या वाटेवरची एक कुंपणभिंत रस्त्याकडे कलली होती. मालकाचं म्हणणं, 'इतकी वर्षं उभीच आहे की.' मी दोन्ही मार्ग चालून पाहिले: पोलीस ठाण्यात फिर्याद आणि प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, अर्ज.

भारतीय न्याय संहितेचं कलम 125 म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेची (भादंवि) 336, 337 आणि 338 ही कलमं एकत्र. हयगयीने किंवा अविचाराने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, की गुन्हा झाला. तीन महिन्यांपर्यंत कैद, 2,500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (336 मध्ये दंड 250 होता, म्हणजे एक शून्य तरी वाढलं!) शिवाय दखलपात्र, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात. वाचताना मला हेच कलम आवडलं होतं.

ठाण्यात पहिला प्रश्न आला, "कोणाला लागलंय का?" दुसऱ्या खेपेला अंमलदार बदलले होते, प्रश्न तोच. दुखापत झाली तर त्याच कलमात शिक्षा वाढते, पण मूळ गुन्हा व्हायला दुखापत लागतच नाही, हे मी वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि अर्ज ठेवून जायला सांगितलं. त्यांचीही अडचण समजते; हयगय नेमकी कोणाची, हे शेवटी त्यांनाच सिद्ध करायचं असतं. पण भिंत पडायची वाट बघणारा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीची फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 152 मध्ये तो प्रश्नच येत नाही. पडून इजा होईल अशी भिंत, झाड, रस्त्यालगतचा उघडा खड्डा यांसाठी दंडाधिकारी सशर्त आदेश काढतात: काढा, दुरुस्त करा, कुंपण घाला, नाहीतर हजर होऊन कारण सांगा. दोष कोणाचा हे ठरेपर्यंत थांबावं लागत नाही. मालक हजर झाला तर चौकशीला 90 दिवस, फार तर 120. माझ्या बाबतीत चकरा झाल्याच, पण आदेश निघाला आणि सुनावणीआधी मालकाने भिंत उतरवली.

धोका एखाद्या कृतीतून झाला असेल, म्हणजे वरातीत कोणी हवेत गोळी झाडली, तर 152 चा काही उपयोग नाही. तिथे 125 च. कोणी जखमी झालं असेल तरी तेच. धोका जागेवर उभा असेल, तर माझं मत प्रांतांकडे झुकतं. वकिलाला मात्र एकदा विचारून घ्या. आणि अर्जात याच नागरिक सुरक्षा संहितेच्या 161 खाली तातडीचा मनाई हुकूमही मागा. मी पहिल्या अर्जात तो विसरलो होतो.