पीएनआर खरा होता, पाचही नावं बरोबर होती, तिकीटच नव्हतं

परवा आमच्या गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांच्या, एका ग्रुपवर परत तेच स्वस्त विमान तिकिटाचं पोस्टर आलं, ज्याच्यामुळं आमचे पैसे बुडाले. "पुणे-कोलकाता ग्रुप सीट, मर्यादीत जागा", तोच निळा रंग, 'मर्यादीत' लिहिताना तीच चुकलेली वेलांटी, फक्त खाली नाव वेगळं आणि नंबर वेगळा. बघितल्याबरोबर पोटात गोळा आला. खाली दोघातिघांनी "रेट काय" म्हणून विचारलंसुद्धा होतं. मी लगेच लिहिलं की पैसे पाठवू नका, पण ग्रुपवर एवढं सगळं सांगता येत नाही म्हणून इथं सविस्तर लिहितोय. मोठं झालंय, पण खानापूर, आटपाडी, तासगाव, कडेगाव भागातल्या ज्यांची माणसं बाहेर आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मी विट्याचा, आमचे यंत्रमाग आहेत. आमच्याकडं घरटी एखादा माणूस सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात बाहेर असतोच, तसे माझे दाजी कोलकत्याला आहेत. गेल्या नोव्हेंबरात बहिणीच्या बाळाचं बारसं तिकडंच करायचं ठरलं. आई, तात्या, मी, बायको आणि मुलगी असे पाचजण. दरवेळी आम्ही पुण्यावरनं आझाद हिंद एक्सप्रेसनं जातो, पण तीस तासांच्या वर प्रवास, आईचे गुडघे गेलेत, आणि बघितलं तर वेटिंग. म्हणून म्हणलं एकदा तिला विमानानं न्यायचंच.

विमान कंपनीच्या वेबसाइटवर जायचं भाडं माणशी ७,४०० दाखवत होतं आणि यायचंही तेवढंच, म्हणजे पाचजणांचे जाऊन येऊन ७४,०००. त्याच आठवड्यात ग्रुपवर ते पोस्टर आलं, ५,९०० प्रमाणे, म्हणजे ५९,०००. सरळ १५ हजारांचा फरक. मी लगेच पैसे टाकले नाहीत, हे आधीच सांगतो, कारण नंतर जो तो मलाच विचारत होता की चौकशी केली नव्हतीस का. केली होती. ग्रुपमधले एकजण त्या पोस्टरवरच्या एजंट पोराकडून तिकीट काढून खरंच हैदराबादला जाऊन आले होते, त्यांना फोन केला, ते म्हणले काहीच अडचण आली नाही. त्या पोराला विचारलं स्वस्त कसं देता, तर म्हणला आम्ही कंपनीकडनं एकदम सीट उचलतो आणि थोड्या नफ्यावर सोडतो. असं खरोखर असतं, ट्रॅव्हलवाले ग्रुपच्या सीट अशा घेतात, म्हणून ते पटलं. आणि बोलणं इतकं चांगलं की काय सांगू. "दादा, मावशींना सांगा सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत टाकू नका, स्कॅनिंगला काढून घेतात." आईनं ओटीच्या सामानात वाट्या बांधलेल्याच होत्या, तिनं त्या काढून ठेवल्या आणि म्हणली, "किती काळजीनं सांगतंय बघ पोरगं." ती माहितीसुद्धा खरी होती, विमानात सुकं खोबरं नेऊ देत नाहीत. त्याचं सगळंच असं होतं, नव्वद टक्के खरं.

त्यानं आधार कार्डांचे फोटो मागितले, अर्ध्या तासात पीएनआर पाठवला आणि म्हणला, "दादा, माझ्यावर विश्वास ठेवू नका, कंपनीच्या साइटवर जाऊन स्वतः बघा." मी कुठल्या लिंकवर क्लिक केलं नाही, कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघडली, पीएनआर आणि आडनाव टाकलं, आणि पाचही नावं समोर आली. आईचं नाव आधारवर आहे तसंच्या तसं. पुणे, कोलकाता, तारीख, वेळ, सगळं. बायकोला हाक मारून दाखवलं, ती म्हणली मग आता काय बघायचं राहिलंय. आधी २०,००० पाठवले, संध्याकाळी राहिलेले ३९,०००.

आता इथं नीट वाचा. त्या नावांच्या वर कोपऱ्यात 'होल्ड' असं लिहिलेलं होतं. त्या स्क्रीनचा फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. मला वाटलं होल्ड म्हणजे आपल्यासाठी सीट धरून ठेवलीय, आणि तसं ते बरोबरच होतं, फक्त पैसे न भरता धरून ठेवली होती. एजंट लोकांना सीट काही काळ अशी अडवून ठेवता येते, त्याला पीएनआर मिळतो, नावं दिसतात, पण ठरलेल्या मुदतीत पैसे भरले नाहीत तर ते बुकिंग आपोआप रद्द होतं. पीएनआर म्हणजे नुसता बुकिंगचा नंबर आहे हो, तिकीट नव्हे. तिकीट म्हणजे पैसे भरल्यावर जे कन्फर्म होतं ते. हा फरक मला आमच्या ५९,००० रुपयांनी शिकवला. त्यानं आमचे पैसे घेतले, कंपनीला एक रुपया दिला नाही, आणि आम्हाला रंगीत पीडीएफ करून पाठवलं ज्यात होल्डच्या जागी कन्फर्म लिहिलेलं होतं.

मधे अठरा दिवस होते. त्या अठरा दिवसात मी एकदाही परत साइट उघडली नाही, कारण एकदा डोळ्यानं बघितलं होतं ना. कंपनीकडून मेसेज आला नाही, ईमेल आला नाही, विचारलं तर म्हणला एजंट आयडीवरनं काढलंय म्हणून मेसेज मला येतात. पैसे पाठवताना स्क्रीनवर त्याचं नाव नाही, कुणा तिसऱ्याच बाईचं नाव आलं, तर म्हणला आमच्या मॅडमचं खातं आहे. दुसऱ्यांदा आणखी तिसरंच नाव. बिल मागितलं तर प्रवास झाल्यावर देतो. निघायच्या आधी दोन दिवस मुलगी म्हणली पप्पा वेब चेकिन करू, सीट खिडकीची घेऊ आजीला. त्याला विचारलं तर म्हणला ग्रुप तिकिटाला वेब चेकिन होत नाही, डायरेक्ट काउंटरला जा. पोरगी बरोबर बोलत होती आणि मी तिला गप्प केलं.

विमान रात्री १ वाजून ५ मिनिटांचं होतं. आम्ही दुपारीच अर्टिगा ठरवून निघालो, कराड, सातारा करत रात्री नऊला लोहगावला पुण्याच्या विमानतळावर पोचलो, गाडी परत पाठवून दिली. गेटवर जवानानं तिकीट आणि आधार बघितलं आणि आत सोडलं, त्यामुळं अजूनही काही वाटलं नाही. काउंटरवरच्या मुलीनं पीएनआर टाकला. परत टाकला. मग पीडीएफ हातात घेऊन एकेक अक्षर बोट ठेवून टाकलं. मग शेजारच्या साहेबांना बोलावलं, आणि ते साहेब अगदी हळू आवाजात म्हणले, "सर, हे बुकिंग पंधरा दिवसांपूर्वीच रद्द झालंय, याचं पेमेंट कधी झालंच नव्हतं. परतीचंही तसंच आहे." आई मागं बाकड्यावर बसली होती, मांडीवर बाळाच्या अंगड्या-टोपड्याची पिशवी, ती तिनं सामानात दिली नव्हती, चुरगळेल म्हणून. मला लांबूनच विचारत होती, "आरं, आलं का विमान?" मला तिच्याकडं जाऊन सांगायला किती वेळ लागला ते मला आठवत नाही.

त्याचा फोन बंद. त्या रात्रीच्या विमानाचं भाडं माणशी चौदा हजारांच्या वर, तेवढे पैसेच नव्हते.

आणि फसवणूक इथं संपत नाही. घाबरलेल्या माणसाला दुसरा माणूस लगेच धरतो. मी तिथंच बसून नेटवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधला, पहिला दिसला तो लावला. खरं तर काउंटर समोर होता, पण डोकं चालत नव्हतं. पलीकडचा हिंदीत एकदम साहेबी बोलायला लागला, सॉरी म्हणला, म्हणला तुमचा ५९,००० चा रिफंड मंजूर केलाय, एक ॲप टाका. ॲप टाकलं, त्यातला आकडा त्याला सांगितला. मग म्हणला यूपीआय उघडा आणि रिफंड घ्यायला पिन टाका. बायकोनं माझ्या हातातनं मोबाईल ओढला आणि नेट बंद केलं. ती म्हणली, "पैसे घ्यायला पिन कशाला लागंल?" ते ॲप स्क्रीन बघायचं होतं, माझा मोबाईल त्याला तिकडं दिसत होता. खात्यात मागाचे सुताचे पैसे होते, ते तिच्यामुळं वाचले. तेव्हा विमान कंपनीचा नंबर फक्त कंपनीच्या स्वतःच्या साइटवरनं घ्या, सर्चमध्ये दिसतो तो घेऊ नका, आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही हे घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्या माणसांनासुद्धा, सांगून ठेवा.

सकाळी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, विट्याला येऊन पोलिसात अर्ज दिला. पूर्वी ज्याला चारशेवीस म्हणायचे ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. तिथल्या साहेबांनी सांगितलं की पहिली चार-दोन तिकिटं हे लोक खरी काढून देतात, तीच त्यांची जाहिरात असते. पैसे गेल्या गेल्या १९३० ला सांगितलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते, पण आमचे जाऊन अठरा दिवस झाले होते, ती दोन्ही खाती रिकामी. बँकेनं सांगितलं की तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत. म्हणजे आजपर्यंत एक रुपया परत नाही.

सगळे एजंट चोर असतात असं मी अजिबात म्हणत नाही. विट्यातच दुकान टाकून वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे तिकिटं काढून देणारे आहेत, उद्या काही झालं तर त्यांच्या दारात जाऊन उभं राहता येतं. पण आता मी स्वतः कंपनीच्या साइटवरच काढतो. तिथं आपला मोबाईल नंबर आणि आपला ईमेल टाकायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण वेळ बदलली, विमान रद्द झालं तर मेसेज त्या नंबरवर जातो. एजंटनं काढलेल्या तिकिटाचा रिफंडही त्याच्याच खात्यात जातो, त्यामुळं खरं काढलेलं तिकीट मागनं रद्द करून पैसे खाणारेही आहेत. एजंटकडून काढलंच तरी बुकिंगमध्ये तुमचा नंबर टाकायला लावा, जीएसटीचं बिल मागा, आणि पैसे त्याच्या फर्मच्या नावावरच्या खात्यात द्या. तिसऱ्याच माणसाचं नाव स्क्रीनवर आलं की तिथंच थांबा. शक्य असेल तर क्रेडिट कार्डानं भरा, वाद घालायला बँकेकडं जागा राहते.

अजून एक, ही फसवणूक नाही, आपलीच चूक होते. रात्री बारानंतरच्या विमानाची तारीख नीट बघा. १५ तारखेला रात्री १ चं विमान म्हणजे १४ ला जेवून निघायचं असतं. आमच्या शेजारच्यांचं असं एकदा गेलंय, एक दिवस उशिरा पोचले आणि तिकीट वाया. आणि नाव आधारवर आहे तसंच टाका. कंपनीच्या साइटवरनं थेट काढलं असेल तर नावातली स्पेलिंगची चूक २४ तासांच्या आत फुकट दुरुस्त करून द्यायचा नियम आहे. तिकीट रद्द केलं आणि परत काही मिळत नाही असं सांगितलं तरी विमानतळाचे टॅक्स तरी परत मिळतात, ते मागून घ्या.

बारसं आम्ही व्हिडिओ कॉलवर बघितलं. आईनं अंगडं-टोपडं नंतर कुरियरनं पाठवलं.

ज्यांनी कुणी असं तिकीट ऑलरेडी काढलंय आणि प्रवास अजून व्हायचाय, त्यांनी आत्ता उठून कंपनीची साइट उघडा, पीएनआर टाका आणि नावं बघू नका, वरचं स्टेटस बघा. कन्फर्म असेल तर दर दोन-तीन दिवसांनी परत बघत राहा. होल्ड असेल, पेमेंट बाकी असं दिसत असेल किंवा बुकिंगच सापडत नसेल, तर त्या एजंटला फोन करत बसू नका, तो आणखी दोन दिवस काढंल. यूपीआय उघडा, व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर लिहून घ्या आणि १९३० ला फोन लावा, आजच.